प्रोव्हायडरची नोटीस आली आहे, आता? (चोर सोडून संन्याशाला वगैरे)

गुंतवळ | सोमवार, रात्री १०:१८

मंडळी, आज इंटरनेट कंपनीचा मेल आला. बिलाचा असेल म्हणून दुपारपर्यंत उघडलाच नाही. आत एक तक्ता: फाइलचं नाव, आकार, तारीख, वेळ (२ वाजून १३ मिनिटं ०७ सेकंद!), आमचा आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता), पोर्ट नंबर आणि चाळीस अक्षरांचं काहीतरी अगम्य. खाली मजकूर असा की तुमच्या कनेक्शनवरून ही फाइल इतरांना 'उपलब्ध करून देण्यात आली', हे ताबडतोब थांबवा, पुन्हा आढळल्यास सेवा स्थगित होऊ शकते. फाइल म्हणजे कुठल्याशा परदेशी गुन्हेमालिकेचा तिसरा सीझन.

रात्री २ वाजून १३ मिनिटांनी मी घोरत होतो. बायको याची साक्षीदार आहे आणि तक्रारदारही. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सुट्टीसाठी आलेला भाचा, वय १६. संशय कोणावर ते सांगायला नको. त्याने कानावर हात ठेवले, पण लॅपटॉप जप्त केलाय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यांना हे कळतं कसं? आणि दुसरी जास्त टोचतेय. मी पैसे मोजतो ते इंटरनेटचे. पोस्टमनने पाकिटं फोडून वाचायची आणि वर मलाच दम द्यायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

---

बिनकामाचा | सोमवार, रात्री १०:३१

भाच्याला विचारा, चौथा सीझन आहे का.

---

तिरपागडा | सोमवार, रात्री १०:४०

केराच्या टोपलीत टाका. मला आजवर तीन आल्यात, कोणी काही करत नाही. कंपन्यांना घाबरवायचं असतं, बस्स.

---

जुना_वायरमन | सोमवार, रात्री ११:२६

गुंतवळराव, तुमच्या वायरीत कोणी बसलेलं नाही. सहा वर्षं एका प्रोव्हायडरच्या अब्यूज डेस्कवर (तक्रारी येतात तिथे) काढली आहेत, तेव्हा आतलं सांगतो.

टॉरेंटमध्ये फाइल एका ठिकाणी ठेवलेली नसते. ज्यांच्याकडे तिचे तुकडे आहेत ते सगळे एकमेकांशी देवाणघेवाण करत असतात, त्या घोळक्याला स्वॉर्म म्हणतात. घोळक्यात शिरायचं तर आपला आयपी दाखवावाच लागतो, नाहीतर समोरचा तुकडा पाठवणार कुठे? निर्मात्यांनी नेमलेल्या कंपन्या साध्या गिऱ्हाइकाच्या वेशात त्याच घोळक्यात शिरतात आणि दिसतील ते आयपी, पोर्ट, वेळ टिपून घेतात. ते चाळीस अक्षरी अगम्य म्हणजे इन्फोहॅश, त्या टॉरेंटचा अंगठ्याचा ठसा. मग आयपी कोणत्या प्रोव्हायडरचा ते बघून तिकडे मेल. या सगळ्यात माणसाचा हात कुठेच लागत नाही. सकाळी मेलबॉक्स उघडला की रात्रीतून दोन-अडीच हजार तक्रारी साचलेल्या असायच्या आणि आम्ही माणसं दोन.

आमचं काम एवढंच, की त्या सेकंदाला तो आयपी कोणाच्या नावावर होता ते लॉगमध्ये शोधायचं आणि मेल पुढे ढकलायचा. पोस्टमन पाकीट फोडत नाही हो. पाकीट तुम्हीच चौकात उघडं धरलं होतं. पोस्टमनला फक्त तुमचा पत्ता विचारलाय.

आता यातली मेख. आयपी ॲड्रेस अपुरे पडतात म्हणून कित्येक प्रोव्हायडर एकाच ॲड्रेसमागे ढीगभर गिऱ्हाइकं बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. तिथे पोर्ट (त्या पत्त्यामागचा दाराचा नंबर म्हणा) आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ असल्याशिवाय घर सापडत नाही. आणि तक्रारीतली वेळ बहुतेकदा युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने ती स्थानिक वेळ समजून तीन आठवडे नोटिसा पाठवल्या. तीन आठवडे प्रत्येक नोटीस भलत्याच घरी! एका आजींचा फोन आला होता, त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. नातीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून कनेक्शन घेतलेलं. त्यांना वाटलं, नात तुरुंगात जाणार.

तुमच्या तक्त्यात वेळेपुढे काय लिहिलंय ते आधी बघा.

---

गुंतवळ | सोमवार, रात्री ११:४४

...बारीक अक्षरात 'युटीसी' आहे. म्हणजे आमच्याकडे तेव्हा लख्ख सकाळ होती. भाचा अकराच्या आत डोळे उघडत नाही.

लॅपटॉप मात्र माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

---

बिनकामाचा | सोमवार, रात्री ११:४६

शीर्षक आधीच बरोबर दिलंत.

---

दप्तरदिरंगाई | मंगळवार, सकाळी ८:०५

वायरमनदादांना दंडवत. थोडा इतिहास घालतो, कारण हा खेळ पंचवीस वर्षं चालू आहे आणि दर खेपेला सरकारांना वाटतं की या वेळी जमलं.

१९९९ मध्ये गाण्यांची अदलाबदल करायचं नॅप्स्टर आलं. त्यात गाणी लोकांच्या संगणकावर असली तरी यादी मधल्या सर्व्हरवर असायची. त्यामुळे कोर्टाला धरायला एक मान होती आणि २००१ मध्ये ती धरली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट (वायरमनदादांनी सांगितलेलं टॉरेंट ते हेच) आणलं, त्यात धरावी अशी मानच नाही. मग संगीत कंपन्या गिऱ्हाइकांच्या मागे लागल्या. अमेरिकेतल्या जॅमी थॉमस या बाईंवरचा खटला आठवत असेल. २४ गाण्यांसाठी २००७ मध्ये ज्युरीने २,२२,००० डॉलर लावले, फेरखटल्यात २००९ साली ते १९,२०,००० झाले आणि वर-खाली होत अखेर २०१२ मध्ये अपिलात पुन्हा २,२२,००० वरच आले. एवढं करून कंपन्यांची शोभाच झाली. सरसकट खटले भरणं त्यांनी २००८ च्या शेवटीच सोडलं होतं.

तिथून पुढे प्रोव्हायडरला मध्ये घेण्याचं खूळ निघालं. फ्रान्सने २००९ मध्ये कायदा केला, हादोपी नावाची संस्थाच काढली. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा कनेक्शन बंद. घटना परिषदेने म्हटलं की इंटरनेट हा अभिव्यक्तीचा भाग आहे, तो न्यायाधीशाशिवाय तोडता येणार नाही. मग कोर्टामार्फत तोडू म्हणाले. २०१२ मध्ये पहिला दंड झाला तो एका सुताराला, १५० युरो. गाणी बायकोने उतरवली होती, तिने कोर्टात तसं सांगितलंही. तरी कनेक्शन याच्या नावावर, म्हणून दंड यालाच, 'कनेक्शन सुरक्षित ठेवलं नाही' या कलमाखाली. २०१३ मध्ये एकाला १५ दिवस नेट बंद ठेवण्याची शिक्षा झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत सरकारने ती शिक्षाच रद्द केली. लाखो ताकिदी आणि फलित हे!

---

ठाम_मत | मंगळवार, सकाळी ९:१२

@दप्तरदिरंगाई, तुम्ही निवडक उदाहरणं देताय. धाक असला की फरक पडतोच. स्वीडनने १ एप्रिल २००९ ला कायदा आणला, त्यात हक्कदारांना कोर्टामार्फत आयपीमागचं नाव मिळू लागलं. त्याच दिवशी देशातली इंटरनेटची वाहतूक सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटली. चोरी ती चोरीच, तिला 'शेअरिंग' म्हटल्याने ती दानधर्म होत नाही.

---

दप्तरदिरंगाई | मंगळवार, सकाळी ९:३०

घटली, खरंय. आणि नंतर परत चढली, हेही लिहा की. स्वीडनमध्येच २००६ च्या मे अखेरीस पोलिसांनी पायरेट बे या टॉरेंटच्या साइटचे सर्व्हर उचलून नेले होते, तीन दिवसांत साइट परत सुरू. २००९ मध्ये चौघांना वर्ष-वर्षाची शिक्षा ठोठावली, तरी साइट चालूच. त्याच देशात २००८ मध्ये स्पॉटिफाय, म्हणजे रीतसर गाणी ऐकवणारी सेवा, सुरू झालं. गाणी चोरणं कमी होण्याला पोलिसांपेक्षा ते जास्त कारणीभूत, असं माझं मत.

---

शाईवाली | मंगळवार, सकाळी ११:५०

मत असणं सोपं आहे. मी लिहिते. पोट त्यावर नाही, तरी पाच वर्षांचं काम होतं ते.

पुस्तक आलं आणि नवव्या दिवशी एका ग्रुपवर पीडीएफ फिरायला लागली. मैत्रिणीने मलाच पाठवली, 'किती छान, तुझं पुस्तक सगळीकडे पोचतंय' म्हणून. उघडून बघितली. ७३ व्या पानावर 'विषण्ण'च्या जागी 'विषष्ण' छापलं होतं. छापील पुस्तकात ती चूक नाही, शेवटच्या प्रुफात मी ती दुरुस्त केली होती. म्हणजे फुटली ती त्याच्या आधीची प्रत आणि ती मी फक्त चौघांना मेल केली होती. चौघेही जवळचे. कोणी केलं ते मी अजून विचारलेलं नाही. चौघांच्याही घरी जाते, चहा पिते.

त्या रात्री मला फार वाटलं होतं, कुणीतरी कुणाला तरी निदान एक नोटीस पाठवावी.

---

तिरपागडा | मंगळवार, दुपारी १२:०४

शाईवालीताई, वाईट वाटलं. पण फुकट वाचणारे विकत थोडेच घेणार होते? उलट तुमचं नाव झालं.

---

शाईवाली | मंगळवार, दुपारी १२:१५

हे मला दर वेळी महिन्याच्या एक तारखेला पगार होणारा माणूसच सांगतो.

---

बिनकामाचा | मंगळवार, दुपारी १२:१६

तिरपागडा, झाला ना दुपारच्या झोपेचा चुथडा?

---

परदेशस्थ_मी | मंगळवार, दुपारी ३:४८

केराच्या टोपलीत टाका म्हणणाऱ्यांनी जर्मनीत राहून बघावं. तिथे प्रोव्हायडर ताकीद देत बसत नाही. हक्कदार कोर्टाकडून तुमचं नाव-पत्ता मिळवतात आणि थेट वकिलाचं जाडजूड पाकीट येतं, त्याला 'आबमानुंग' म्हणतात. आत तपशील, भरपाईची रक्कम आणि 'पुन्हा करणार नाही' असं सही करून देण्याचा कागद. तो कागद तसाच सही करून देऊ नये. त्यात आयुष्यभराची जोखीम लिहिलेली असू शकते, आधी वकिलाला दाखवायचा.

विद्यार्थी असताना आमच्या फ्लॅटवर एक आलं होतं. चौघं राहायचो, करार माझ्या नावावर. त्या रात्री चौघं स्वयंपाकघरात पाकीट मधोमध ठेवून बसलो. बोलेना कोणी. शेवटी एकजण उठून म्हणाला, 'भांडी मी घासतो', आणि आम्हाला कळलं.

भाच्याचा विषय निघालाय म्हणून: तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १३ वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात सांगितलं, की आई-बापांनी 'हे करायचं नाही' असं मुलाला आधी नीट बजावलं असेल तर ते जबाबदार नाहीत. तेव्हा गुंतवळ, भाच्याला बजावून ठेवा. लॅपटॉप परत देऊन मग.

---

कलमकसाई | मंगळवार, सायंकाळी ६:२०

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच, प्रोव्हायडरने मध्ये पडावंच का. हौस म्हणून पडत नाहीत ते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने प्रोव्हायडरला संरक्षण आहे, पण अट अशी की वारंवार उल्लंघन करणाऱ्यांचं कनेक्शन तोडण्याचं धोरण हवं आणि ते पाळायला हवं. कॉक्स नावाच्या प्रोव्हायडरने ते पाळलं नाही म्हणून २०१५ मध्ये अडीच कोटी डॉलरचा निकाल विरोधात गेला आणि २०१९ मध्ये दुसऱ्या खटल्यात ज्युरीने थेट १०० कोटी डॉलर लावले. २०२४ मध्ये अपिलात ती रक्कम रद्द झाली, पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पण शंभर कोटींचा आकडा एकदा ऐकला की कुठलाही प्रोव्हायडर तुम्हाला मेल पाठवणारच.

ऑस्ट्रेलियात नेमकं उलटं. २०१२ मध्ये तिथल्या हायकोर्टाने म्हटलं, गिऱ्हाईक काय करतं त्याला आयआयनेट हा प्रोव्हायडर जबाबदार नाही. २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या हक्कदारांनी ४,७२६ आयपींमागची नावं मागितली. न्यायाधीशांनी आधी होकार दिला, मग लोकांना कसली पत्रं पाठवणार ते बघितलं आणि म्हणाले, सहा लाख डॉलर अनामत ठेवा, मग देतो. हक्कदार गप्प झाले. माझ्या मते याहून शहाणा निकाल या विषयात झालेला नाही. हक्क आहे, पण तो खंडणीसाठी नाही.

भारतात घरी नोटीस येण्यापेक्षा साइट ब्लॉक होण्याचाच भाग मोठा. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्रोव्हायडरांनी व्हिमिओ या व्हिडिओंच्या साइटसकट साइट्स बंद केल्या, मग कोर्टाला सांगावं लागलं की अख्खी साइट नव्हे, नेमकी लिंक बंद करा. २०१६ मध्ये ब्लॉक केलेल्या पानावर तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंडाची धमकी झळकायची, जणू नुसतं बघितलं तरी आत. नुसतं बघणं हा गुन्हा नाही, असं तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. आणि २०१९ पासून दिल्लीचा 'डायनॅमिक' आदेश आहे: बंद केलेली साइट नव्या नावाने आली तर नवा दावा न लावता तीही यादीत घालता येते.

---

ठाम_मत | मंगळवार, सायंकाळी ६:५१

@कलमकसाई, छान लिहिलंय. आणि ब्लॉक करणं योग्यच आहे. त्यात कोणा सुताराला दंड होत नाही.

---

जुना_वायरमन | मंगळवार, रात्री ९:०३

ठाम_मत, सुताराला होत नाही, पण शेजारपाजाऱ्यांना होतो. एका आयपीवर एकच साइट असते हा समज चुकीचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या एका ॲड्रेसमागे हजारो साइट्स असतात, त्यात एखादी चोरटी. इटलीने फेब्रुवारी २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली, सामन्यांचं चोरटं प्रक्षेपण तक्रारीनंतर ३० मिनिटांत बंद करायची. अर्ध्या तासात तपासणार कोण आणि काय? ऑक्टोबरमध्ये त्यांनी गूगल ड्राइव्हच बंद पाडलं. स्पेनमध्ये २०२५ पासून फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी क्लाउडफ्लेअरचे (वर म्हटलेल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक) ॲड्रेस बंद होतात आणि सामन्याशी काडीचा संबंध नसलेल्या साइट्स त्यात बुडतात.

आणि प्रोव्हायडर स्वतः उत्साही झाला तर? २००७ मध्ये कॉमकास्ट ही अमेरिकी प्रोव्हायडर कंपनी टॉरेंटच्या जोडण्या परस्पर तोडताना सापडली. दोन संगणक बोलत असताना मधूनच दोघांनाही समोरच्याच्या नावाने 'ठेवतो' असा खोटा निरोप पाठवायचा. पाठवणारा तिसराच. तुमची पोस्टमनची उपमा तिथे चपखल आहे, गुंतवळ. लिनक्ससारखी मोफत प्रणाली रीतसर उतरवणाराही त्यात भरडला गेला.

बाकी आयपी म्हणजे माणूस नव्हे, याचा पुरावा हवा तर २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो दिला आहे. त्यांनी काहीही न उतरवता, निव्वळ नोंदींत फेरफार करून, नोटिसा ओढवून घेतल्या. लेझर प्रिंटरच्या आयपीलाही नोटीस आली.

---

बिनकामाचा | मंगळवार, रात्री ९:१०

कागद अडकल्याचं नाटक करून रात्रभर सिनेमे बघत असेल तो.

---

संपादक | मंगळवार, रात्री ९:३५

व्हीपीएनचे (आयपी लपवणाऱ्या सेवांचे) कूपन कोड टाकणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. चोरटा माल कुठे मिळतो याची चर्चा इथे नको. धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका.

---

खारीचा_वाटा | मंगळवार, रात्री १०:१४

सगळे इटली-स्पेनला जाऊन आले, पण गुंतवळांच्या घरात सीडर, म्हणजे फाइल वाटणारा, कोण ते राहिलंच की. अहो, राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते, कित्येकांत प्रत्येकाचा अपलोडही दिसतो. बघणारा माणूस साधारण फक्त घेतो. ज्याचा अपलोड फुगलाय तो तुमचा आरोपी. आणि वायफायचा पासवर्ड बदला, शेजाऱ्याकडे असू शकतो.

---

गुंतवळ | बुधवार, सकाळी ७:५५

खारीताई, तुमचे पाय कुठे आहेत?

काल रात्री यादी काढली. आमचे फोन, बायकोचा लॅपटॉप, एक बल्ब (!), आणि एक अँड्रॉइड असं नुसतंच नाव. त्याचा महिन्याचा अपलोड ३८ जीबी. भाच्याचा लॅपटॉप कपाटात होता, म्हणजे तो सुटला. पासवर्ड न बदलता पहाटे साडेसहाला हॉलमध्ये जाऊन बसलो.

पावणेसातला सासरे आले. स्वतःचा चहा स्वतः केला, हेडफोन लावले, टीव्हीमागे हात घालून एक काळी डबी चालू केली. मागच्या महिन्यात त्यांच्या मित्राने 'यात सगळं फुकट दिसतं' म्हणून दिलेली. डबीच्या बाजूचा निळा दिवा लुकलुकायला लागला आणि माझ्या फोनवर अपलोडचा आकडा चढायला लागला. पडद्यावर गुन्हेमालिका, सीझन तिसरा.

मी शांतपणे मेल दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला (ते निवृत्त लेखापरीक्षक आहेत) आणि म्हणाले, 'यात "उपलब्ध करून देण्यात आली" लिहिलंय. मी कोणाला काय दिलं? मी तर नुसतं पाहतो.'

---

जुना_वायरमन | बुधवार, सकाळी ८:२०

सासरे मनापासून बोलताहेत आणि फसलेतही तिथेच. अशा काही ॲप्समध्ये वरून नुसतं 'प्ले' दिसतं, पण आत टॉरेंटच चालतं. तुम्ही बघत असता तेव्हा आलेले तुकडे पुढच्याला वाटले जात असतात. कायद्याच्या दृष्टीने बघण्यापेक्षा ते वाटणं महाग. पॉपकॉर्न टाइम हे असंच ॲप वापरणाऱ्या कित्येकांना जर्मनीत याच कारणाने पाकिटं आली होती.

डबी काढा. मेलला उत्तर देत बसू नका. कबुली तर मुळीच लिहून देऊ नका. बहुतेक ठिकाणी पहिल्या मेलनंतर बंद झालं की विषय संपतो. वकिलाचं पत्र आलं तर मात्र टोपलीत टाकायचं नाही, तिरपागडाने काहीही सांगो.

---

कलमकसाई | बुधवार, सकाळी ८:४१

सासरेबुवांच्या माहितीसाठी: युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये अशी भरलेली डबी विकणं हेच उल्लंघन ठरवलं आणि चोरट्या स्रोतावरून नुसतं बघणंही तिथे सवलतीत बसत नाही म्हणून सांगितलं. मी वर मुंबईचं जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट. लेखापरीक्षकांना दोन्ही निकाल वाचायला आवडतील.

---

शाईवाली | बुधवार, सकाळी ९:३०

सासऱ्यांना माझं पुस्तक विकत घ्यायला सांगा, प्रायश्चित्त म्हणून. ७३ व्या पानासह.

---

गुंतवळ | बुधवार, रात्री १०:०२

शेवटची खबर. डबी बंद आहे. लॅपटॉप परत दिला, भाचा दोन दिवसांची नुकसानभरपाई मागतोय. शाईवालीताई, पुस्तकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सासरे 'घेतो' म्हणालेत.

ते ती मालिका रीतसर पैसे भरून पूर्ण करायला तयार आहेत, शेवटचे दोन भाग राहिलेत. मी आणि भाचा संध्याकाळभर शोधत होतो. पहिला सीझन एका कंपनीकडे, दुसरा दुसरीकडे, आणि तिसरा 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही'. सासरे मघापासून बंद डबीकडे बघत बसलेत.

---

बिनकामाचा | बुधवार, रात्री १०:०९

मी पाहिलाय. खून डॉक्टरने केला. कळवा त्यांना आणि कनेक्शन वाचवा.